लोगेऑन : लॅटिन नामाचं कूळ दाखवणारी साइट

मी शाळेत संस्कृत शिकवते आणि घरी स्वतःच लॅटिन शिकते. माझ्यासारख्यांना शिकागो विद्यापीठाची ‘लोगेऑन’ ही मोफत साइट मनापासून सुचवते. लॅटिन किंवा ग्रीक शब्द टाकला की कितीतरी कोशांतल्या नोंदी एकत्र मिळतात. लॅटिनला 1879 चा लुईस-शॉर्ट, ग्रीकला लिडेल-स्कॉट-जोन्स.

ग्रीकमधून आलेल्या नामांसाठी तर तिला तोड नाही. ‘पोएमा’ म्हणजे कविता, हा शब्द घ्या. शेवटी ‘आ’ आहे म्हणून तो ‘रोसा’ (गुलाब) सारखा स्त्रीलिंगी वाटतो. पण नोंदीच्या सुरुवातीलाच षष्ठी ‘पोएमातिस’, लिंग नपुंसक आणि मूळ ग्रीक ‘पोइएमा’ दिलेलं आहे. आता ग्रीक शब्द टाका. तिथे आधी ‘घडवलेली वस्तू’ हा अर्थ येतो, मग कविता. कारण धातू ‘पोइएओ’, म्हणजे करणे, घडवणे.

संस्कृत येणाऱ्याला इथे फार आनंद होतो. ग्रीक ‘-मा’, लॅटिन ‘-मेन’ आणि आपला ‘-मन्’ हा मुळात एकच प्रत्यय. ग्रीक ‘ओनोमा’, लॅटिन ‘नोमेन’, संस्कृत ‘नामन्’, तिन्ही नपुंसकलिंगी. ‘नाम, नामानि’ घोकलेल्या मुलीला ‘पोएमा, पोएमाता’ परकं का वाटावं?

खरी मौज अनेकवचनात. तृतीय गणाच्या (गण म्हणजे सारखी चालणाऱ्या नामांचा वर्ग) नियमाने चतुर्थी-पंचमीला ‘पोएमातिबुस’ व्हायला हवं. रोमन वक्ता-लेखक सिसेरो मात्र ‘पोएमातीस’ लिहितो. ‘पोएमाता’ हे द्वितीय गणातल्या नपुंसक ‘बेल्ला’ (युद्धे) सारखं दिसतं, म्हणून द्वितीय गणाचा प्रत्यय लागला. काही जुन्या लेखकांकडे षष्ठी ‘पोएमातोरुम’सुद्धा सापडते. लुईस-शॉर्ट ही रूपं नोंदीतच देतो, आणि मला तो आवडतो तो याचसाठी. ‘पोएमातिस’ आणि ‘पोएमातीस’ रोमन लिपीत बहुधा सारखेच छापतात, त्यामुळे दीर्घचिन्ह नसेल तर वाक्यावरूनच विभक्ती ठरवावी लागते. आपल्या वहीत देवनागरीत लिहिलं की फरक लगेच दिसतो. मी तसंच लिहिते.

या दोन्ही कोशांतले अर्थ इंग्रजीतून, आणि जुन्या कोशातले लेखकांचे संक्षेप सरावानेच कळतात. अगदी नवशिक्याने आधी पहिले दोन गण पक्के करावेत. मग ‘स्केमा’ (आकार, रूप) शोधून बघा : ग्रीकमध्ये तोही नपुंसकलिंगी, पण प्लॉटसच्या नाटकात चक्क ‘रोसा’सारखा चालतो.