‘गॅस संपलाय’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, गेला कुठे?

एसीत दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरावाच लागतो, हे इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की ते खरंच वाटतं. ते खरं नाही. एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं.

एप्रिलमध्ये पुण्याजवळ वाघोलीला आमच्या घरातून दोन मुलं याच वाक्याच्या जोरावर साडेआठ हजार रुपये घेऊन गेली. एसीचे आणि गिझरचे मिळून. हा धंदा उन्हाळ्यात जोरात चालतो आणि बहुतेक वेळा घरी म्हातारी माणसं एकटी असताना चालतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी दुपारी थंड करेनासा झाला होता. रात्री मात्र खोली व्यवस्थित गार व्हायची. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरला. कंपनीचं नाव टाकून नेटवर शोधलं की सर्वांत वर ‘कस्टमर केअर’ म्हणून एक नंबर येतो. फोन उचलणारी बाई कंपनीचंच नाव घेऊन बोलली, तक्रार क्रमांक दिला, व्हिजिट चार्ज 399 सांगितला. तो नंबर कंपनीचा नव्हता. जाहिरातीचे पैसे भरून कुणीही आपला नंबर असा वर आणू शकतो, आणि दिसायला तो अगदी अधिकृत दिसतो.

दोघं आले. अंगात कंपनीच्या रंगाचे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र नाही. मी ऑफिसात, घरी सासूबाई. एकाने हॉलमध्ये पॅनल उघडून त्यांना बोलण्यात गुंतवलं, “आजी, फिल्टर बघा किती घाण झालाय”. दुसरा बाल्कनीत आउटडोअरपाशी, म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी गेला. सासूबाईंनी नंतर सांगितलं की बाल्कनीतून बराच वेळ फुस्स असा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, तर “प्रेशर चेक करतोय” असं उत्तर मिळालं.

मग मला व्हिडिओ कॉल आला. गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा चाळिसाच्या आसपास. “मॅडम, गॅस पूर्ण खाली आहे. असाच चालवला तर कॉम्प्रेसर जाईल, मग वीस हजार.” कॉम्प्रेसरची भीती घातली की माणूस हो म्हणतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एका छोट्या कॅनमधून गॅस भरला, 4,500 रुपये. गॅस मोजायला वजनकाटा नाही, नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप नाही, गळतीचा शोध तर नाहीच.

निघता निघता “गिझरचं पाणी कसं येतं?” अशी चौकशी झाली. सासूबाई बोलून गेल्या की हल्ली अर्धी बादलीच कडक येते, मग कोमट. लगेच गिझर उघडला. कॉइल जळली, पाणी तापलं की कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट गेला, आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतायत म्हणजे टाकीही जायच्या मार्गावर आहे. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलले म्हणून 3,600. जुने पार्ट मागितले तर म्हणे कंपनीत जमा करावे लागतात. बिल कोऱ्या पावतीपुस्तकातलं, जीएसटी नंबर नाही, पैसे कुणा माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर.

मे महिन्याच्या सुरुवातीला एसीचा नुसता पंखा झाला. रात्रीसुद्धा. बिलावरचा नंबर बंद. तेव्हा शेजाऱ्यांच्या ओळखीचे, बरीच वर्षं हेच काम करणारे एक मेकॅनिक काका आले. त्यांनी काम करता करता जे दाखवलं ते प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं असं आहे.

आधी त्यांनी तक्रार नीट ऐकली. पूर्वी दुपारी बिघडायचा आणि रात्री चालायचा, हे ऐकल्यावर म्हणाले, “ताई, मग तेव्हा गॅस होता. ‘पूर्ण खाली’ असता तर रात्री तरी गार कुठून झालं असतं?” आउटडोअरची जाळी दाखवली. वाघोलीत खाणी, क्रशर, चहूकडे बांधकामं. मागच्या पत्र्याच्या पात्यांमध्ये धुळीचा करडा थर इतका बसला होता की बोट फिरवल्यावर वळकटी निघाली. आतली उष्णता बाहेर टाकायची जागाच बुजलेली. रात्री बाहेरची हवा थंड असते म्हणून भागायचं, दुपारी चाळीस अंशांत भागेना. आउटडोअर प्रेशर पंपाने धुतला असता तर सातशे-आठशे रुपयांत काम झालं असतं.

मग आता गॅस का गेला? तांब्याची नळी जिथे आउटडोअरला जोडलेली असते तिथल्या पितळी नटावर त्यांनी साबणाचा फेस लावला. फेसातून एकेक बुडबुडा फुगून बाहेर येऊ लागला. नटाच्या कडा पान्याने नुकत्याच खरवडलेल्या, पितळ चकचकीत दिसत होतं. त्यांच्या मते त्या मुलांनी आमचा चांगला गॅस आधी सोडून दिला, मग काटा दाखवला, मग थोडा भरला आणि नट नीट आवळलाही नाही. आमच्या एसीत आर-32 नावाचा गॅस आहे. एसी चालू असताना त्याचं प्रेशर साधारण 110 ते 130 पीएसआय असायला हवं, म्हणून चाळीसचा काटा घाबरवणारा दिसतो. गॅस न सोडताही ही करामत करता येते, असंही ते म्हणाले. बारीक नळीचा व्हॉल्व्ह अॅलन कीने अर्धवट बंद केला की काटा आपोआप खाली येतो. ग्राहकाला फक्त काटा दिसतो, हात दिसत नाही. आणि आर-32 काही प्रमाणात ज्वलनशील आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत तो असा सोडणाऱ्यांना कुणाच्या जिवाची पर्वा नाही, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

काकांनी नळीचं तोंड नव्याने फ्लेअर केलं, म्हणजे नटात घट्ट बसेल असं पसरट केलं, नायट्रोजन भरून गळती तपासली, व्हॅक्यूम केलं आणि मग सिलिंडर काट्यावर ठेवून गॅस भरला. किती भरायचा हे आउटडोअरवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर 0.80 किलो होतं. ही पट्टी आजच बघून तिचा फोटो काढून ठेवा. शेवटी त्यांनी थर्मामीटर आधी एसीत हवा शिरते तिथे आणि मग बाहेर येते तिथे धरला. दहा अंशांचा फरक आला. आठ ते बाराच्या दरम्यान असेल तर एसी ठीक चाललाय, हे घरच्या घरी कुणालाही तपासता येतं.

गिझरची गोष्ट तर आणखी सरळ आहे. आमच्यासारख्या गिझरमध्ये कॉइल एकच असते. ती जळली असती तर अर्धी बादलीसुद्धा गरम आली नसती. काकांनी उघडून दाखवलं: कॉइल घासून पुसून चकचकीत केलेली, पण तिच्या पट्टीवर शिक्का 2019 चा, म्हणजे गिझर घेतला त्या सालचा. थर्मोस्टॅटही जुनाच. खरा दोष टँकरच्या जड पाण्याचा. कॉइलवर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षाराचा जाड थर बसला की ती जागा लवकर तापते, दिवा लवकर बंद होतो आणि टाकीतलं बाकीचं पाणी कोमटच राहतं. मॅग्नेशियमचा दांडा झिजून नुसती तार उरली होती. टाकी गंजण्यापासून वाचवतो तो हा दांडा, आणि त्याला त्या दोघांनी हातही लावला नव्हता. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना पडणारे थेंब तर ठीकच आहेत. पाणी तापलं की प्रसरण पावतं, ते जाणार कुठे? गिझर बंद असतानाही धार लागली तर काळजी करावी.

एक हिशेबही त्यांनीच दिला. 15 लिटरची टाकी आणि 2,000 वॅटची कॉइल असेल तर 25 अंशांचं पाणी 60 पर्यंत जायला साधारण अठरा-वीस मिनिटं लागतात. पाच-सात मिनिटांत दिवा बंद होत असेल तर क्षार बघायला सांगा. अजिबातच तापत नसेल तेव्हा कॉइलचा विषय काढा.

कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर आणि यंत्रावरच्या स्टिकरवर होता. तिथे फोन केल्यावर कळलं की आमच्या पत्त्यावर एप्रिलमध्ये त्यांच्याकडे कुठलीच तक्रार नोंदलेली नाही. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट, पावतीचा फोटो, व्हिडिओ कॉलची वेळ, सगळं जोडलंय. ज्यांच्याकडून फोनवर ओटीपी किंवा कुठलं तरी अॅप टाकायला लावून खातं साफ केलं गेलंय त्यांनी मात्र लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावावा, तिथे तासातासाने फरक पडतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता हवा, आणि आमच्याकडे फक्त एक यूपीआय आयडी आहे. म्हणून दुरुस्तीला येणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो त्याने पाना हातात घेण्याआधी काढायचा, आणि गॅसचं नाव काढलं की गळती दाखवायला सांगायची, साबणाच्या फेसाने, तुमच्या डोळ्यांसमोर.