कृषी सेवक भरतीचा ऑनलाइन कोर्स: पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही

कृषी सेवक म्हणजे कृषी खात्यातलं गावपातळीवरचं पद, तीन वर्षं मानधनावर काढली की कृषी सहायक होतो. त्याच्या भरतीच्या कोर्सचं नाव लिहीत नाही. फुकट जाहिरात करायची नाही आणि त्यांच्या टेलिकॉलरशी हुज्जतही घालायची नाही. रेकॉर्डेड लेक्चर, पीडीएफ नोट्स आणि टेस्ट सिरीज एकत्र करून 'संपूर्ण तयारी' विकणारी ढीगभर ॲप आहेत, त्यातलंच हे एक. फी चार हजारांच्या आत. मी परभणी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री. जानेवारी 2024 चा पेपर लातूर विभागातून दिलाय, त्यामुळे परीक्षेत काय विचारतात आणि हे लोक काय शिकवतात याचा ताळा करता आला.

आधी कृषी विषय, कारण 200 पैकी 120 गुण त्याचेच. प्रश्न 60, प्रत्येकी दोन गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता मिळून उरलेले 80. हे वजन कोर्सवाल्यांनी बरोबर ओळखलंय. कीटकशास्त्राच्या मॅडम तर एक नंबर. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं लेक्चर बघा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, हे सगळेच पाठ करून घेतात. मॅडमनी डोमकळी (अळी लागल्याने न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल) कशी ओळखायची, ती तोडून नष्ट का करायची, सापळ्यातली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, वेळेवर बदलली नाही तर पतंगांचा आकडा कसा फसवा निघतो, हेही फोटो दाखवून सांगितलं. पदविकेच्या मुलांनाही कळेल अशी भाषा. मृदाशास्त्र ठीक. उद्यानविद्येचे सर स्लाइड वाचून दाखवतात, ते दुप्पट स्पीडवर टाकून संपवलं. मराठी-इंग्रजीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते यूट्यूबवर फुकट मिळतं.

टेस्ट सिरीजबद्दल मात्र बोलावंच लागेल. प्रश्न होता: हेक्टरी 100 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद द्यायचंय, डीएपी आणि युरिया किती लागेल? डीएपी साधारण 109 किलो, इथवर उत्तरसूची बरोबर. पुढे युरिया 217 किलो! अहो, डीएपीत 18 टक्के नत्र असतं ना. 109 किलोतून जवळपास 20 किलो नत्र आलंच. उरलं 80, आणि युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे युरिया 175 किलोच्या आसपास. पर्यायांत 175 होतं, मी तेच निवडलं आणि ॲपने लाल फुली मारली. स्क्रीनशॉट काढून पाठवला, तर 'टीम चेक करेल' असा मेसेज आला. ती चूक अजून तशीच आहे. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न, आणि उद्या नोकरी लागल्यावर हेच गणित शेतकऱ्याच्या बांधावर करायचंय.

नोट्सही जुन्याच. 2025 मध्ये पदनामं बदलली, कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले आणि कृषी पर्यवेक्षकाचे उप कृषी अधिकारी. पीडीएफमध्ये अजून जुनीच उतरंड छापलीय. चालू घडामोडींचा वेगळा विभाग देऊन वर त्याचे जास्तीचे पैसे घेणाऱ्यांनी एवढं तरी बदलायला हवं होतं.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. कोर्सच्या अगदी तळाशी, 'बोनस' म्हणून, एका निवृत्त तालुका कृषी अधिकाऱ्यांचं लेक्चर आहे. थंबनेल साधा, आवाज खोल, मागे पंख्याची घरघर. व्ह्यूज बाकीच्या लेक्चरच्या मानाने नगण्य. माझे पैसे तिथे वसूल झाले.

सरांनी सुरुवातच केली, की मुळात जागा निघते कुठून? खात्याचा मंजूर आकृतीबंध असतो, कोणत्या संवर्गात किती पदं हे त्यात ठरलेलं. कोणी 58 व्या वर्षी निवृत्त होतं, कोणी सहायकाचा पर्यवेक्षक होतं, आणि खालचं पद रिकामं होतं. पण पद रिकामं झालं म्हणजे लगेच भरती निघत नाही. वित्त विभाग किती टक्के पदं भरायला परवानगी देतो ते बघायचं. 2022 च्या ऑक्टोबरात 75 हजार पदभरतीसाठी जो निर्णय निघाला, त्यात सुधारित आकृतीबंध मंजूर झालेल्या विभागांना सरळसेवेची सगळी रिक्त पदं भरायची मुभा होती, बाकीच्यांना 80 टक्केच. मग बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला याची नोंद, विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. मग परीक्षा घेणारी कंपनी. मग जाहिरात. फाइल यातल्या कुठल्या टेबलवर आहे हे विचारा, म्हणाले, आणि त्यावरून अभ्यासाचं वेळापत्रक ठरवा.

दुसरा भाग विभाग निवडण्याचा, म्हणजे नागपूर, लातूर वगैरेपैकी कुठून फॉर्म भरायचा याचा. 2023 च्या जाहिरातीत एकूण 2109 जागा होत्या. नागपूर 448, नाशिक 336, ठाणे 294, कोल्हापूर 250, अमरावती 227, छत्रपती संभाजीनगर 196, पुणे 188 आणि आमचं लातूर सगळ्यात कमी, 170. आमच्या बॅचची अर्धी पोरं नुसता 448 चा आकडा बघून नागपूरला फॉर्म भरून मोकळी झाली होती. सरांनी जाहिरातीचा तक्ता स्क्रीनवर उघडला आणि एकेक रकाना खोडायला लागले. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागासाठीच्या कायद्याखालच्या) जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांच्या, त्या बाजूला. मग आपला प्रवर्ग. त्यात समांतर आरक्षण: महिला 30 टक्के, माजी सैनिक 15, पदवीधर अंशकालीन 10, खेळाडू 5, प्रकल्पग्रस्त 5, भूकंपग्रस्त 2. एवढं वजा केल्यावर सर्वसाधारणच्या रकान्यात जे उरतं, ते बघून ठरवा. "पोरांनो, जागांची बेरीज बघू नका, आपला रकाना बघा." आणि हा संवर्ग विभागाचा असतो, एकदा नागपूरला लागलात की बदली मागून घराजवळ येणं सोपं नाही, आलात तर सेवाज्येष्ठतेत शेपटाला, हेही स्पष्ट सांगितलं. पहिली तीन वर्षं महिना 16 हजार मानधनावर काढायची आहेत, त्यात घर सोडून खोलीभाडं आणि गाडीचं पेट्रोल बसतं का, याचा हिशेबही करायला लावला. हे कुठल्याच क्लासने मला सांगितलं नव्हतं.

गंमत बघा, याच ॲपवरून दर पंधरवड्याला नोटिफिकेशन येतं: 'मेगाभरती! जाहिरात कोणत्याही क्षणी! आजच बॅच जॉइन करा!' खाली जागांचा एक गोल गरगरीत आकडा, त्याला ना शासन निर्णय क्रमांक, ना तारीख. मार्केटिंगच्या लोकांनी आपल्याच सरांचं लेक्चर ऐकलेलं दिसत नाही. फाइल कुठे आहे हे विचारायची सवय सरांनी लावली, म्हणून मी टेलिकॉलरलाही तेच विचारलं. मुलगी बिचारी गडबडली आणि मला दहा टक्के डिस्काउंट देऊ लागली.

पाचपैकी तीन स्टार. कीटकशास्त्र आणि बोनस लेक्चर नसतं तर दीडच दिला असता. ज्यांची पदवी नुकतीच झालीय आणि कृषीचा पाया पक्का आहे, त्यांनी पूर्ण कोर्स घेऊ नये. नुसती टेस्ट सिरीज वेगळी मिळते, पण खतांच्या गणितांची उत्तरं स्वतः तपासून घ्या. पदविकेनंतर मध्ये दोन-चार वर्षं शेती किंवा खासगी नोकरी केलेल्यांना कृषीची लेक्चर कामाला येतील.

घ्यायचाच असेल तर व्हॅलिडिटीचं आधी बोलून घ्या. पैसे भरल्या दिवसापासून वर्ष मोजतात, जाहिरात येवो न येवो, आणि मुदतवाढीचे पैसे वेगळे. थोडा जोर लावला तर 'परीक्षा होईपर्यंत' असं करून देतात. माझ्या मैत्रिणीला दिलं, मला नाही. फोनवर कबूल केलेलं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. आणि ॲप उघडलं की आधी खाली स्क्रोल करून ते पंख्याच्या घरघरीचं लेक्चर लावा, फॉर्म भरायच्या आधी.