जुनं काळं शिलाई मशीन: दुरुस्त करून घेतल्यानंतरचा अनुभव

सासूबाईंचं पायाचं काळं मशीन टाके सोडायला लागलं, तेव्हा घरात सगळे म्हणाले, भंगारात काढ आणि मोटरवालं नवीन घे. मी दुरुस्त करून घेतलं. त्यावर एक लग्नसराई आणि बडोद्याची अख्खी नवरात्र निभावली, म्हणून खात्रीने लिहिते आहे.

मशीन किती जुनं आहे ते सोडा, झिजलंय काय ते बघा. सुईचा दांडा चिमटीत धरून हलवा. तो लडबडत असेल, किंवा चाकाचा मुख्य दांडा खुळखुळत असेल, तर पैसे घालू नका. आमचं दोन्हीकडे घट्ट होतं. मांडवीजवळच्या कारागीर काकांनी शटल काढून हातात दिलं. म्हणाले, "ताई, नख फिरवून बघा." टोक बोथट, त्यावर बारीक खाच. सुईच्या दोऱ्याचा फास उचलतं ते हेच टोक. ते गेलं की टाका सुटणारच. नवीन शटल, कापड पुढे सरकवणारे खालचे दात, चामडी पट्टा, सुई आणि टायमिंग (सुई-शटलचा मेळ), सगळं धरून नव्या मशीनच्या पाव किमतीतही भागलं. आपल्याकडची बहुतेक काळी मशिनं सिंगरच्या जुन्या 'क्लास १५' रचनेवर बेतलेली, त्यामुळे बॉबिन, डबी, सुया सहज मिळतात.

आता चणियाच्या घेराला लेस लावताना कापडाचे चार पदर एकावर एक आले तरी सुई अडत नाही. जाड कापडाला १६ नंबरची सुई, ब्लाऊजला १४, पातळ कापडाला ११. तेल मात्र मशीनचंच घाला. खोबरेल घट्ट होऊन चिकटतं, मग चाक जड फिरतं. आणि खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की लोक बॉबिनला धरतात, पण गडबड बहुधा वरच्या दोऱ्याची असते. मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलूनच दोरा ओवा, तेव्हाच दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सैल असतात आणि दोरा नीट आत बसतो.

उणीव एकच, पण मोठी. ह्या मशीनची सुई आडवी सरकत नाही, त्यामुळे झिगझॅग नाही. पिको, काज ही रोजची कामं असतील तर सरळ झिगझॅग मशीन घ्या. माझ्याकडे पिकोच्या साड्या महिन्यात मोजक्याच येतात, त्या मी दांडिया बाजारात करून आणते.