सात महिने, एक वही आणि पाठीमागे फुटलेली शाई

परवा रात्री लिहिता लिहिता वहीचा मधला जुज, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, हातात आला. आख्खी सोळा पृष्ठं, दोऱ्यासकट. 'जुजबंदी, पूर्ण सपाट उघडणारी' असं वेष्टनावर छापलं होतं. ते खोटं नव्हतं म्हणायचं, दोरा होता याचा पुरावा मिळाला. वही संपल्यावर सविस्तर लिहू असं ठरवलं होतं, पण वही माझ्या आधी संपायला निघाली आहे, तेव्हा आत्ताच लिहिते.

रोज लिहावं, मन हलकं होतं, कल्पना सुचतात, हे सगळ्यांनी सगळीकडे वाचलेलं असतं. वहीचा तपशीलही नेहमीचाच: ए-५ आकार, ठिपक्यांची पानं, २४० पृष्ठं, १०० जीएसएम, आणि कव्हरवर 'फाउंटन पेनसाठी योग्य'. या शेवटच्या तीन शब्दांवर भुलून मी साध्या वहीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले. वह्यांच्या बाबतीत मी एरवी चिकट आहे. पाठकोऱ्या कागदांवर याद्या करणारी बाई मी.

पहिल्याच दिवशी शाई फुटली. पुढच्या बाजूला अक्षर बरं दिसत होतं, पण पान उलटलं तर मागे गोवर आल्यासारखे ठिपके. म्हणजे त्या पानाची मागची बाजू बाद. कंपनी पृष्ठं मोजते, मी पानं मोजते. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं, आणि मागून लिहिता येत नसेल तर मला मिळाली १२० पृष्ठंच. अर्धी वही मी हवेसाठी घेतली. हा हिशेब मी पहिल्या आठवड्यात किमान चार वेळा त्याच वहीत मांडलाय.

जीएसएमचा घोळ इथेच सांगून टाकते, कारण त्यावर भाळून लोक फसतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस्स. शाई फुटणार की नाही हे ठरतं कागदाला खळ किती आणि कशी दिलीय यावर. खळ कमी पडली की धागे शाई पितात आणि ती आरपार जाते. जपानचा तोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, पापुद्र्यासारखा. त्यात मागचं अक्षर सावलीसारखं दिसतं, पण शाई सहसा आरपार येत नाही. आणि माझा हा शंभरचा गडी टिपकागदासारखा वागतो. तेव्हा वही घेतल्यावर आधी शेवटच्या पानावर एक टिंब देऊन निब तीन सेकंद तिथेच ठेवा. मग आकडे वाचा.

पेन बदलून पाहिलं. बारीक निबने फरक पडला, पण अक्षर कुरकुरायला लागलं. बॉलपेनने शाई फुटत नाही, मात्र मी दाबून लिहिते, त्यामुळे मागे नांगरट होते. जेल पेन फारच भरभर पळतं, मी काय लिहितेय हे मला कळायच्या आत ओळ संपलेली. शेवटी मीडियम निबवर परत आले आणि शाई फुटते म्हणून रोज चरफडत राहिले.

लिहिण्याची पद्धत साधी ठेवली होती. रात्री पंधरा मिनिटं, हात थांबवायचा नाही, खाडाखोड नाही, शुद्धलेखनाची पर्वा नाही. पंधरा मिनिटांचा आकडा मी हवेतून काढला नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग या विषयात आधारासारखा सांगितला जातो. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायचं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढच्या सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. वाचून मला वाटलं, चार दिवसांत एवढं, तर साठ दिवसांत किती!

नऊ आठवडे एकही खाडा केला नाही. त्या वेळी कोणी मत विचारलं असतं तर सांगितलं असतं की लिहिणं उत्तम, वही भिकार. झोपण्याआधी सगळं ओकून टाकलं की हलकं वाटतं, असंही म्हटलं असतं. तसं वाटायचंही. अर्धा तासभर.

मग मी तक्रार केली. नवव्या आठवड्यात, रीतसर, वहीच्या पावतीसह. ग्राहक सेवेतून उत्तर आलं की शाई फुटल्याचे किमान तीन स्पष्ट फोटो पाठवा, पानाच्या दोन्ही बाजू दिसायला हव्यात.

आता आली पंचाईत. दोन्ही बाजू म्हणजे मजकुराची बाजूही. अनोळखी माणसाला दाखवता येतील अशी तीन पानं शोधायला मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली. तोवर एकदाही मागे वळून वाचलं नव्हतं. साठ पानं वाचली. दाखवण्यासारखं एक पान सापडलं नाही, कारण जवळजवळ प्रत्येक पानावर ताई होती.

आमचं दोघींचं एका जुन्या गोष्टीवरून बिनसलंय. तपशील तुमच्या कामाचा नाही. पण साठ रात्री मी तीच फिर्याद लिहीत होते. ताई असं म्हणाली, ताईने तेव्हा सांगितलंच नाही, ताईला नेहमीच आपलं खरं करायचं असतं. तारखा बदलल्या की फक्त विशेषणं बदलत होती. एका पानावर तर मी शब्दन् शब्द तेच लिहिलं होतं जे अकरा दिवसांपूर्वी लिहिलं होतं, आणि खाली 'आज प्रथमच मनातलं स्पष्ट लिहिलं' अशी शाबासकीही दिली होती.

पेनेबेकरांचं पुढचं काम मी यानंतर नीट वाचलं. आधी वाचायला हवं होतं. लिहिणाऱ्यांचे शब्द मोजल्यावर त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ मध्ये असं दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतं' या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. आणि २००३ च्या एका अभ्यासात सर्वनामांची गोष्ट आहे: कधी 'मी', कधी 'ती', कधी 'आम्ही' अशी बाजू बदलत लिहिणाऱ्यांची तब्येत पुढे अधिक सुधारलेली आढळली.

मी पेन्सिल घेऊन मोजायला बसले. (पैसे वसूल करायचे तर असे.) साठ पानांत 'कारण' दोनदा. दोन्ही वेळा 'कारण ती तशीच आहे'.

शिवाय याच विषयावरच्या १४६ अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात परिणाम खरा पण लहान निघाला. दहा ठिकाणी 'लिहा आणि बरे व्हा' म्हणणारे हा 'लहान' शब्द गिळतात. मूळ प्रयोगातही लिहून झाल्या झाल्या लोकांना आधीपेक्षा वाईटच वाटलं होतं, हलकेपणा नंतरचा. माझं उलट चाललं होतं: लगेच हलकं, सकाळी जैसे थे.

आता त्या शाईकडे परत येते. तुम्ही म्हणाल ही बाई शाई सोडत नाही. नाहीच सोडणार. फोटोसाठी पानं उलटसुलट करताना लक्षात आलं की मागचे ठिपके सारखे नाहीत. पेन पळत असतं तिथे शाई आरपार येत नाही. हात अडखळतो, निब टेकून राहते, तिथे मोठा डाग. 'हात थांबवायचा नाही' हा नियम मी किती पाळला याची नोंद कागदाच्या पाठीवर आयती पडली होती. ताईबद्दलच्या वाक्यांमागे बारीक पुरळ. आणि मोठे डाग कुठे, तर 'मी' या शब्दानंतर. मी लिहायचं, थांबायचं, आणि पुढचं वाक्य परत 'ताई'पासून सुरू. चांगल्या कागदावर हे दिसलं नसतं. म्हणून कंपनीचे आभार मानायचे का? मुळीच नाही.

फोटोंचं काय केलं ते सांगते, पण त्याआधी कविता.

वाया गेलेल्या डाव्या बाजू माझ्या डोळ्यांत सलत होत्या. फाउंटन पेन चालत नसेल तर पेन्सिल चालेल, एवढ्याच कंजूष विचाराने मी तिथे लिहायला सुरुवात केली. ठिपक्यांच्या मधल्या जागेत लांब वाक्य वाचवत नाही, म्हणून ओळी छोट्या. आधी हायकू केले, पाच-सात-पाच. माझे हायकू म्हणजे पाऊस, खिडकी आणि उगाच गूढ शेवट. ते सोडले. मग मोठ्या अभंगाचा साचा घेतला. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजता येतं.

आणि इथे जे झालं त्यासाठी मी आधीचं मत बदलते. 'ताईने मला सांगितलंच नाही' ही माझी लाडकी फिर्याद चरणात बसवायला गेले, तर बारा अक्षरं. कापत कापत 'सांगितले नाही' उरलं, बरोबर सहा. त्यात 'ताईने' गेलं, 'मला' गेलं. कोणी कोणाला सांगितलं नाही ते वाक्यात राहिलंच नाही. यमकासाठी पुढची ओळ हवी होती. बराच वेळ पेन्सिल चावली आणि आलं 'विचारले नाही'. हे ताईबद्दल असूच शकत नव्हतं.

एवढ्या वर्षांत
सांगितले नाही
विचारले नाही
कोणी कोणा

कविता म्हणून हिची किंमत फार नाही, मला माहीत आहे. पण साठ रात्रींच्या गद्यात जे वाक्य फिरकलं नाही ते अक्षरं मोजण्याच्या कटकटीमुळे पुढ्यात आलं. गद्यात मला कोणी अडवत नव्हतं, म्हणून मी गोल गोल फिरत होते. साच्यात रोजचं वाक्य मावत नाही, मग दुसरं शोधावं लागतं. ते दुसरं पुष्कळदा खोटं किंवा नुसतं गोड निघतं, मी तसलीही ढिगाने खोडलीत. पेन्सिलीचा हा फायदा.

तर फोटो. दाखवण्यासारखं पान अखेर हेच निघालं: डावीकडे हे चार चरण, आजूबाजूला शाईचे डाग अगदी स्पष्ट. उजवी बाजू पाठवताना मजकुरावर कोरा कागद ठेवला. उत्तर आलं: 'मजकूर झाकलेला असल्याने शाई नेमकी कुठून आली याची पडताळणी करता येत नाही.' मी विचारलं, शाई दुसरीकडून कुठून येणार? त्यावर 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' आणि तक्रार बंद. कवितेबद्दल अवाक्षर नाही. खरं तर तेच जास्त लागलं.

त्यानंतर रोजचं लिहिणं बंद केलं. आठवड्यातून तीनदा लिहिते. उजवीकडे शाईने, पण आता पंधरा मिनिटांतली शेवटची पाच 'ती' होऊन लिहिते, म्हणजे ताईच्या तोंडून, 'मी' म्हणत. पहिल्या दोन वेळा तिच्या तोंडी मी माझंच वकीलपत्र घातलं होतं, वाचून लाज वाटली. तिसऱ्या वेळी जरा जमलं. डावीकडे पेन्सिलीने चार चरण, सुचले तर. महिन्यातून एकदा सगळं वाचायचं, हे सक्तीचं. न वाचता नुसतं लिहीत जाणं म्हणजे केर काढून पलंगाखाली सारणं.

झोपेपुरतंच हवं असेल तर एवढा उपद्व्याप नको. २०१८ मधल्या एका प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी करणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. त्यात ५७ जणच होते, पण मला लागू पडलं. यादीसाठी पाठकोरा कागद पुरतो, शंभर जीएसएम लागत नाही. आणि ज्या आठवणीने लिहिताना दरदरून घाम फुटतो ती लगेच बाजूला ठेवावी. मी एका रात्री हट्टाने पुढे रेटलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. तसल्या गोष्टीला समोर ऐकणारं जाणकार माणूस लागतं. वही फक्त शाई पिते.

कल्पकता वाढली का? माहीत नाही. सात महिन्यांत पन्नासेक अभंग झाले, त्यांतले चार मी स्वतः दुसऱ्यांदा वाचू शकते. शब्द मात्र लवकर हाताशी येतात, ऑफिसच्या पत्रातसुद्धा. साहेबांनी 'हल्ली थोडक्यात लिहिता' म्हटलं, तो टोमणा होता की कौतुक ते ठरवायचंय.

वहीला पाचपैकी दोन. दीडच देणार होते, पण कव्हरवर मी वस्तू ठेवून ठेवून काढलेला ओरखडा दिसत नाही, त्याचा अर्धा.

जुज निखळल्याची दुसरी तक्रार परवाच टाकली. सकाळी उत्तर आलं, फोटो पाठवा, तुटलेला दोरा आणि लगतची दोन्ही पृष्ठं दिसायला हवीत. दोरा नेमका तुटलाय तिथे गेल्या आठवड्यात ताईशी फोनवर काय बोलणं झालं ते लिहिलेलं आहे. ते मी कोणाला दाखवणार नाही. घरीच शिवेन. सुई मात्र जाड लागेल, आणि दोऱ्याला मेण.