मॅजिस्क: येणारा कॉल ओळखण्यासाठी कितपत उपयोगी?

येणाऱ्या कॉलची चाहूल आपल्या कोडला लागावी, एवढ्यासाठीच मॅजिस्क हे साधन वापरून अँड्रॉइड फोन रूट करणार (म्हणजे फोनवर सर्वाधिकार मिळवणार) असाल, तर तो खटाटोप व्यर्थ आहे. फोन स्टेटची, म्हणजे कॉलची अवस्था वाचण्याची, परवानगी असलेल्या साध्या ॲपलाही रिंग सुरू होताच ब्रॉडकास्ट, म्हणजे सिस्टिमची सूचना, मिळतो. अँड्रॉइड ९ पासून नंबर हवा असल्यास कॉल लॉगचीही परवानगी लागते, आणि दोन्ही परवानग्या असल्या की तोच ब्रॉडकास्ट दोनदा येतो, एकदा नंबरासह व एकदा नंबराविना, तोही कोणत्या क्रमाने येईल याची शाश्वती नसताना. पहिल्या ब्रॉडकास्टवर विसंबलेला माझा कोड त्यामुळे ओळखीच्या माणसांनाही अनोळखी ठरवत असे.

मॅजिस्कचे खरे मोल यापुढे कळते. साध्या ॲपला कॉलच्या तीनच अवस्था दिसतात: निष्क्रिय, रिंग आणि ऑफहूक (लाइन वापरात). त्यांपैकी रिंगमध्ये कॉल वेटिंगही मोडते, तर आपण नंबर डायल करताच ऑफहूक लागत असल्याने पलीकडच्याने फोन उचलला की नाही, हे समजत नाही. हा तपशील देणारी परवानगी सिस्टिमच्या खास ॲपपुरती राखीव आहे. मॅजिस्कचे मॉड्यूल (त्याला जोडायचा पूरक भाग) सिस्टिम पार्टिशनमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ फाइलींच्या जागेत, काहीही न लिहिता आपले ॲप अशा खास ॲपच्या प्रिव्ह-ॲप फोल्डरमध्ये असल्याचे भासवते आणि ही अडचण सफाईने दूर करते.

मात्र त्या परवानगीची नोंद सोबतच्या एक्सएमएल फाइलमध्ये हवीच. मी ती विसरलो आणि फोन सुरूच होईना, कारण अँड्रॉइड ९ पासून अशी नोंद नसली तर बूटच अडवले जाते. सेफ मोडमध्ये सगळी मॉड्यूल बंद होतात, म्हणून निभावले.

रूट शेलमधून (सर्वाधिकार असलेल्या कमांड लाइनवरून) दर सेकंदाला डम्पसिस ही सिस्टिमची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवून अवस्थेचा आकडा वाचत राहण्याची युक्तीही मी करून पाहिली. तिने बॅटरी खाल्ली आणि क्षणभर वाजून थांबलेले कॉल निसटले ते निसटलेच. नको असलेले कॉल केवळ अडवायचे असतील, तर अँड्रॉइड ७ पासून असलेली कॉल स्क्रीनिंग सेवा पुरेशी आहे. फक्त तिला ५ सेकंदांच्या आत निर्णय कळवावा लागतो. मॅजिस्क मी आता एका जुन्या, चाचणीपुरत्या फोनवरच ठेवले आहे, कारण रूट केलेल्या फोनवर बँकांची अनेक ॲप उघडतच नाहीत.