कॅलेंडुला बामचं किट: मेण चोख, फुलात घोळ

घरच्या घरी बाम करायची जी किट ऑनलाइन मिळतात, त्यांतलं हे कॅलेंडुलाचं (झेंडूसारखं दिसणारं, पण वेगळं फूल) किट मधल्या किमतीचं. खोक्यात वाळवलेल्या पाकळ्या १० ग्रॅम, बदाम तेल १०० मिली, मेणाचे दाणे २० ग्रॅम, ई जीवनसत्त्वाची २ मिलीची कुपी, मलमलचं फडकं, पाच डब्या, बियांची पुडी आणि मराठी माहितीपत्रक एवढं सामान निघतं.

मेण उत्तम आहे. पिवळसर, मधाचा मंद वास असलेलं, बोटाला पॅराफिनसारखं निसरडं न लागणारं. डब्यांची झाकणंही घट्ट बसतात.

गडबड फुलापाशी सुरू होते. माहितीपत्रकात सरसकट ‘झेंडू’ छापलंय. खोक्यातल्या पाकळ्या कॅलेंडुलाच्या आहेत, पण पुडीतलं बी मात्र झेंडूचं! ओळखणं अवघड नाही. झेंडूचं बी सरळ, काळं, सुईसारखं आणि टोकाला फिकट शेपटी. कॅलेंडुलाचं बी तपकिरी, वाकडं, चंद्रकोरीसारखं, पाठीवर खरखरीत. इंग्रजीत दोघांनाही मॅरिगोल्ड म्हणतात, त्यातून हा घोळ झालेला दिसतो. तो निरुपद्रवी नाही. झेंडूत थायोफीन गटातली द्रव्यं असतात आणि त्यांतली काही त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचेची आग होऊ शकते. शिवाय दसऱ्याच्या बाजारातल्या फुलांवर काय फवारलंय हे कोण सांगणार? तेव्हा पुडीतला झेंडू तोरणासाठी लावावा आणि बामसाठी कॅलेंडुलाचं बी वेगळं आणावं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये कुंडीत पेरलं की साधारण दोन महिन्यांत फुलं येऊ लागतात. उन्हाळा या झाडाला सोसत नाही.

दुसरी उणीव म्हणजे नुसत्या पाकळ्या. कॅलेंडुलाचा चिकट राळेसारखा अंश मुख्यतः फुलाखालच्या हिरव्या भागात असतो. फुलं खुडताना बोटं चिकट होतात ती त्यामुळेच. घरची फुलं असतील तर दंव उडाल्यावर, पूर्ण उमललेली, अख्खी खुडा आणि सावलीत एकेरी पसरून वाळवा. पाकळ्या दोन दिवसांत कुरकुरीत होतात आणि फूल वाळलं असं वाटतं, पण मधला गाभा ओलाच असतो. तो दाबल्यावर मोडला पाहिजे, वाकता कामा नये. ओलं फूल तेलात गेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशी धरते. ‘ताजी फुलं असल्यास उत्तम’ हे माहितीपत्रकातलं वाक्य म्हणून सरळ खोडून टाकावं.

तेल मुरवण्याची कृती ठीक आहे. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तीन तास, तेल ५०–६० अंशांवर. वर झाकण नको, फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी आत टपकतं. पाकळ्या तपकिरी झाल्या किंवा भज्यांसारखा वास आला तर आच जास्त झाली.

मेणाच्या प्रमाणात मात्र किट फसलंय. ‘सगळं मेण घाला’ म्हणतात, पण १०० मिली बदाम तेल म्हणजे सुमारे ९२ ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं पाकळ्या पिऊन टाकतात. घट्ट पिळूनही हाती ७५ ग्रॅमच्या आसपास येतं. त्यात २० ग्रॅम मेण घातलं तर पुण्याच्या डिसेंबरात बाम नखानं खरवडावा लागेल. गाळलेलं तेल आधी वजनकाट्यावर ठेवा: थंडीत मेण तेलाच्या सहाव्या हिश्शाइतकं, एरवी पाचव्या, आणि नागपूरच्या मे महिन्यात चौथ्या. म्हणजे विदर्भातल्या उन्हाळ्यात माहितीपत्रक चुकून बरोबर ठरतं! ओतण्याआधी स्टीलच्या चमच्यावर थेंब घेऊन दोन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. मऊ वाटला तर चिमूटभर मेण, कडक वाटला तर चमचाभर तेल.

ई जीवनसत्त्व गॅस बंद केल्यावर, निम्मी कुपी पुरे. त्यानं तेल उशिरा खवट होतं, बुरशी मात्र थांबत नाही. डबीत ओलं बोट घालायचं नाही ते त्यासाठी. डब्या पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणं लावू नका, आत घाम सुटतो. पंख्याखाली ठेवल्या तर मध्ये खळगा पडतो.

पुढच्या खेपेला बदाम तेलाऐवजी पांढऱ्या तिळाचं न भाजलेलं तेल घ्यावं. ते जास्त टिकतं, वास थोडा जड असतो एवढंच. आयुर्वेदातलं सिक्थतैल म्हणजे मेण आणि तिळाचं तेलच. भेगाळलेल्या टाचांसाठी २० ग्रॅम तेलाच्या जागी कोकणातलं मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) घाला आणि मेण दोन-तीन ग्रॅमनं कमी करा.

शेवंती किंवा झेंडूची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे लावू नये, कॅलेंडुला त्याच कुळातलं. इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. उघड्या जखमेवर नाही.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन मेणाचे. पुन्हा घ्यायचं तर नुसतं मेण आणि डब्या घ्याव्यात.

आणि हो, पातेलं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्या. सिंकमध्ये धुतलंत तर मेण पाइपात थिजेल.