चिखलाचे आठ मिलीमीटर लगवाले शूज: सहाएक महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकते, हे शूज चिखलासाठी आहेत आणि फक्त चिखलासाठीच आहेत. एकाच जोडीत रस्ता, ट्रेल (मातीची पायवाट), जिम, ऑब्स्टॅकल रेस (वाटेतले अडथळे पार करत धावायची शर्यत) सगळं उरकायचं असा विचार असेल तर नका घेऊ, तळाचे खुंटे पाच मिलीमीटरचे असलेलं काहीतरी बघा आणि सुखी राहा. मला चिखलातल्या रेसची तयारी करायची होती, त्यामुळे मी घेतले, आणि तेवढ्यापुरती मी खूश आहे.

तळाला जे रबरी खुंटे असतात ना, लग म्हणतात ते, ते यात आठ मिलीमीटर उंच आहेत. पण खरी गंमत उंचीत नाही, दोन लगांमधल्या अंतरात आहे. अंतर मोठं असलं की अडकलेला चिखल चार-पाच पावलांत आपोआप झडतो, अंतर कमी असेल तर तो तिथेच बसतो, आणि मग तुम्ही कितीही भारी शूज घातलेले असा, पायाखाली मातीची गुळगुळीत चपटी भाकरीच असते. वर दोन बोटं पातळ चिखल आणि खाली घट्ट जमीन, असा ट्रॅक असेल तर हे शूज अक्षरशः जमिनीला धरून ठेवतात, चढावर तर फरक लगेच कळतो. चिकणमातीत जरा कमी. आणि गुडघाभर गाळ असला की लग असले काय नि नसले काय, कारण खाली पकडायला काही सापडतच नाही. तिथे प्रश्न एकच, शूज पायात राहतो की गाळात. यांची टाचेची पकड चांगली आहे, पण लेस मी सगळ्यात वरच्या भोकापर्यंत घेऊन डबल गाठ मारते आणि उरलेली टोकं खाली खोचते. पाय काढतानासुद्धा सरळ वर खेचायचा नाही, आधी टाच थोडी हलवायची, आत हवा शिरली की पुचुक करून सुटतो.

आता वाईट बाजू. ओलं लाकूड. बॅलन्स बीमवर, म्हणजे तोल सांभाळत ओलांडायच्या अरुंद लाकडी तुळईवर, हे शूज म्हणजे संकट, कारण लाकडाला फक्त लगांची टोकं टेकतात, पूर्ण तळ टेकतच नाही. ओल्या खडकावर पण थोडंफार तेच, तिथे लगापेक्षा रबर किती मऊ आणि चिकट आहे त्यावर सगळं अवलंबून असतं आणि यांचं रबर कडकाकडे झुकणारं आहे. बीमवर आता मी पाय आडवा टाकून, गुडघे वाकवून, हळू जाते. डांबरी रस्त्यावर तर घालूच नका, ट्रेलपर्यंत जायला मी दुसरे शूज वापरते, तरी अधूनमधून जो थोडा रस्ता लागला तेवढ्यानेच पुढचे लग गोल झालेत.

पाणी पटकन बाहेर पडतं, हा मोठा प्लस. वरचं कापड जाळीचं आहे, नाल्यातून बाहेर आलं की थोड्या पावलांत हलकं वाटायला लागतं. वॉटरप्रूफ मॉडेल पण होतं, पण ऑब्स्टॅकल रेसमध्ये पाणी वरूनच आत जातं आणि मग ते वॉटरप्रूफ कापड त्याला बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे पायाला बादली बांधून धावा. जाळीचा तोटा म्हणजे बारीक वाळू आत येऊन बोटांखाली जमते. मोजे सुती नकोत, सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या, सुती मोजे ओले राहतात आणि फोड येतात.

ट्रेनिंगबद्दल थोडं, कारण शूजने ट्रेनिंग पण बदलावं लागतं हे कुणी सांगत नाही. यांचा ड्रॉप चार मिलीमीटर आहे, म्हणजे टाच पुढच्या भागापेक्षा फार उंच नाही, त्यामुळे जाड टाचेच्या शूजची सवय असेल तर पोटरी आणि टाचेमागची शीर आधी बोंबलणार. मी सुरुवातीला आठवड्यातून एकदाच घालायचे, तेही छोट्या रनला, आणि रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली. उतारावर पावलं छोटी आणि भराभर, लांब टांग टाकली की घसरलातच.

दुसरं म्हणजे धावणं आणि लटकणं एकत्र करा. स्पार्टन या ऑब्स्टॅकल रेसच्या बीस्ट नावाच्या लांब प्रकारात 21 किलोमीटर आणि 30 अडथळे असतात, म्हणजे सरासरी 700 मीटरला एक. तेव्हा नुसते पुलअप्स मारून उपयोग नाही, 700-800 मीटर धावायचं आणि धाप लागलेली असतानाच बारला लटकायचं, मग दोन्ही हातात वजन घेऊन चालायचं, मग परत धावायचं. पकड आधी सुटते, दम नंतर. हात ओले करून लटकलात तर अजून बरं. दोर चढताना दोर पायाच्या बाहेरून घेऊन तळाखालून वर आणायचा आणि दुसऱ्या पायाने दाबायचा, मग वजन पायांवर येतं आणि हात वाचतात. फक्त दोर घासून माझ्या उजव्या शूजची आतली बाजू आता विसविशीत झालीये.

टिकाऊपणा ठीकठाक. अंगठ्यासमोरचं रबर चौथ्या महिन्यात सुटायला लागलं, दुकानवाल्याने "चिखलात वापरलेत ना" म्हणून हात वर केले, चिखलाच्या शूजबद्दल हे ऐकून हसू की रडू कळेना. शेवटी गोंद लावून घेतला. धुताना साधं पाणी आणि ब्रश, आतलं सोल बाहेर काढून, कागद कोंबून सावलीत वाळवा, हीटरजवळ ठेवलेत तर गोंद सुटतो.

जाता जाता, शूजशी संबंध नाही पण सांगते, रेसमध्ये खाली ताणलेल्या तारेखालून चिखलात सरपटताना तोंड बंद ठेवा. 2012 मध्ये अमेरिकेत नेवाडातल्या एका ऑब्स्टॅकल रेसनंतर बऱ्याच जणांना जुलाबाचा संसर्ग झाला होता आणि त्याचा संबंध चिखलाचं पाणी तोंडात जाण्याशी निघाला. खरचटलेलं असेल तर रेस संपल्या संपल्या स्वच्छ पाण्याने धुवा, फोटो नंतर काढा.

परत घेईन का, तर हो, हेच, पण अर्धा नंबर मोठे, कारण उतारावर बोटं पुढे आपटतात आणि ओला मोजा जाड होतो. ट्राय संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि ज्या मोज्यात धावणार तोच घालून जा.